जयंतीचं जेवण बचत गटाकडून केलं, त्याचा अनुभव

जय भीम. जयंतीच्या जेवणाची ऑर्डर कुणाला द्यावी, असं या महिन्यात मला तीन वाड्यांतून विचारून झालं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दापोली तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीच्या महिला मंडळाचा हिशोब अकरा वर्षं माझ्याकडे आहे. यंदा पहिल्यांदाच आम्ही सगळा स्वयंपाक शेजारच्या गावातल्या कुणबीवाडीच्या महिला बचत गटाला दिला. आठ जणी आहेत. त्यांचा नंबर इथे टाकत नाही, हवा असेल तर आमच्या मंडळात विचारा.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री बाराला आम्ही विहारात जमतो, मेणबत्त्या लावतो, पोरं केक कापतात, फटाके वाजतात. बाबांचा वाढदिवस त्या रात्री वाडीपुरता होतो. मोठा कार्यक्रम मात्र मे महिन्यात. मुंबईची माणसं शाळांना सुट्टी पडल्यावर गावी येतात, म्हणून आमच्याकडे बुद्धांची आणि बाबासाहेबांची संयुक्त जयंती मे संपेपर्यंत कुठल्या ना कुठल्या वाडीत चालूच असते. त्यात लग्नसराईही तेव्हाच. स्वयंपाकी मिळणं हीच पहिली अडचण.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शहरातल्या एका केटररला काम दिलं होतं. बाराचं जेवण तीनला आलं आणि मेच्या उन्हात डाळ आंबली. म्हातारी माणसं उपाशी बसली. त्यानंतर पुन्हा वाडीतल्या बायकांनीच पदर खोचला आणि गेल्या वर्षीची जयंती आम्ही चुलीपुढे काढली. पहाटे चारपासून पुऱ्या. मंडपात काय बोललं गेलं ते आम्हाला संध्याकाळी नवऱ्यांकडून कळलं.

हे मला फार लागत आलंय. आमच्या मंडपात दरवर्षी एक बॅनर असतो. समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांनी केलेल्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचं बाबासाहेबांचं १९४२ सालचं नागपूरच्या महिला परिषदेतलं वाक्य त्यावर आहे. त्या बॅनरखाली पुरुष बसलेले आणि वाडीतल्या झाडून सगळ्या बाया मंडपामागे धुरात. जानेवारीच्या मीटिंगला मी हे बोलले. थोडा वाद झाला. खर्च वाढतो हे म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी मुंबई मंडळाने निम्मा भार उचलला आणि ठरलं.

माणशी १३० रुपये, ३२० पानं, म्हणजे ४१,६०० रुपये. दहा हजार आगाऊ दिले. भांडी, गॅसच्या भट्ट्या, सुपारीच्या पानांच्या पत्रावळ्या त्यांच्या. पाणी आणि जागा आपली. बेत असा: पुरी, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची सुकी भाजी, डाळ, भात, पापड, कैरीचं लोणचं आणि खीर. काजूगरांची उसळ करायची माझी फार इच्छा होती, पण ओल्या काजूगरांचा भाव ऐकून सोडून दिली.

उसळीबद्दल सांगायलाच हवं. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालून सकाळी मऊ शिजवलेले, पण साल सुटलेली नाही. वाटप भाजक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं, तेही पाट्यावर. रस दाट होता, पुरीला धरून राहत होता. मुंबईहून आलेल्या पोरांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि ही पोरं एरवी उसळ बघून नाक मुरडतात. डाळ मात्र साधीच, तिला आणखी थोडी आमसुलं चालली असती.

खीर तांदळाची, नारळाच्या दुधात, गुळाची. संयुक्त जयंतीला खीर लागतेच, सुजाताने बुद्धांना दिली म्हणून. गटाच्या प्रमुख मावशींना मी हे आधी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी नारळ आमच्यासमोर फोडले, दूध तीनदा काढलं. तिसरं पातळ दूध आधी, त्यात तांदूळ शिजले, गूळ विरघळला, आणि पहिलं दाट दूध टोप उतरवल्यावर घातलं, म्हणजे फुटत नाही. वेलची तिथल्या तिथे कुटली. पहिली वाटी त्यांनी न सांगता वेगळी काढून माझ्या हातात दिली, "विहारात ठेवा" म्हणाल्या. मी ती मूर्तीपुढे ठेवली.

आता विहिरीचं. हे जेवणाच्या चवीत येत नाही, पण मी लिहिणार. सकाळी सहाला टेम्पो आला. मावशींनी उतरल्या उतरल्या विचारलं, "पाणी तुमच्या विहिरीचंच घेऊ ना?" आमची विहीर मे महिन्यात तळाला जाते, दोर लांब सोडावा लागतो. त्यातल्या दोघींनी कळश्या सोडल्या, भरल्या, आणि ओंजळीने आधी स्वतः प्यायल्या. माझ्या सासूबाई विहाराच्या पायरीवर बसून बघत होत्या. त्या तरुण होत्या तेव्हा दुसऱ्या वाडीच्या विहिरीला त्यांना हात लावता येत नसे, कुणी येऊन वरून पाणी घालेपर्यंत हंडा घेऊन बाजूला उभं राहायचं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या दिवशी दरवर्षी आमच्या वाडीतून गाडी जाते. सासूबाईंनी ती वारी एकदाही चुकवलेली नाही. यंदा मात्र गुडघ्यामुळे जाता आलं नव्हतं. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि आत वंदनेला गेल्या.

सभा दहाला सुरू झाली. त्रिशरण, पंचशील, मुलांची भाषणं, मग एका निवृत्त शिक्षकांचं व्याख्यान. आम्ही बायका पुढच्या पाच रांगांत. सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या आणि एकीच्याही साडीवर तेलाचा डाग नव्हता. शिक्षकांनी विषय घेतला खोतीचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांच्या जमीनदारी पद्धतीचा. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, शेतकऱ्यांचा मोर्चा काढला, आणि ती लढाई महारांची तशीच कुणब्यांचीही होती, कारण खोताच्या दारात धान्य दोघांचंही जात होतं. खोती रद्द करणारा कायदा पुढे १९४९ ला झाला. हे सांगताना त्यांनी अर्धेल (खोताला द्यायचा पिकाचा अर्धा वाटा), वेठ (बिनमोलाचं सक्तीचं काम) हे शब्द वापरले. मी मागे वळून पाहिलं तर मंडपाच्या कनातीला धरून प्रमुख मावशी उभ्या, हातात झारा तसाच, आणि त्यांच्यामागे गटातल्या आणखी तिघी. भाषण संपेपर्यंत हलल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "आमच्या आजोबांच्या तोंडून अर्धेल ऐकलेला. हे बाबासाहेबांनी केलं, ते कुणी सांगितलंच नव्हतं."

सासूबाई जेवताना म्हणाल्या, "माझ्या बापसाचीच गोष्ट सांगत होता गो तो. आणि आज मला सगळी ऐकू आली."

आता उणं काय ते. तिसऱ्या पंगतीला भात वीस-पंचवीस मिनिटं उशिरा आला. भाताचा टोप भाषणाच्या वेळी चढवायचा राहिला होता. कारण मला ठाऊक होतं, तरी उन्हात बसलेल्या लहान मुलांचे हाल झाले ते झालेच. वाढपी कमी पडले, आठांपैकी पाच जणी पुऱ्या तळण्यातच अडकल्या, शेवटी आमची पोरं वाढायला उठली. खीर शेवटच्या पंगतीला अर्धी वाटीच मिळाली. त्यात चूक आमची, मुंबईहून एक बस न कळवता आली. पिण्याच्या पाण्याचे जार ते देत नाहीत, ते वेगळे मागवावे लागतात. बिल साध्या वहीच्या कागदावर देतात. मंडळाच्या ऑडिटला पावती लागते, म्हणून मी त्यांच्याकडून सही-शिक्का करून घेतला. तुम्हीही आधीच सांगून ठेवा.

भांडी घासून, चुलीची जागा शेणाने सारवून गेल्या. उरलेली उसळ आणि पुऱ्या डब्यात भरून वाडीतल्या चार एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी स्वतः पोचवल्या. हे ठरलेलं नव्हतं. जायच्या आधी त्या आठही जणी आमच्याबरोबर शेवटच्या पंगतीला बसल्या आणि त्यांना आम्ही वाढलं.

ऑर्डर द्यायची असेल तर मेच्या तारखेसाठी फेब्रुवारीतच बोला. त्यांच्याकडे एका दिवशी एकच काम घेतात, दोन घेत नाहीत, आणि चारशे पानांच्या वर जात नाहीत. आम्ही पुढच्या ७ फेब्रुवारीचं, वणंदच्या आमच्या रमाईच्या जयंतीचं, आगाऊ देऊन आलोय. दोनशे पानं, वाढायला चार जणी जास्त, आणि भाताचा टोप भाषणाच्या आधी.