सरे स्ट्रीट मार्केट, क्रॉयडन : भाजीसाठी जा, पण एखादं जुनं माणूस सोबत घेऊन जा

दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला नवीन शिफ्ट झालेल्या आपल्या लोकांना पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे भाजीला टूटिंगला (लंडनमधलाच भाग, तिथे आपल्याकडची भाजी मिळते) जा, इथे काही नाही. आणि क्रॉयडन म्हणजे काय तर ल्युनर हाउस हे इमिग्रेशनचं सरकारी ऑफिस आणि व्हिसाच्या रांगा, एवढंच डोक्यात असतं. माझं म्हणणं उलटं आहे. रोजच्या भाजीला सरे स्ट्रीट पुरेसं आहे, गवार-पडवळ-सुरण असलं काही हवं असेल तरच टूटिंगची बस पकडा.

ट्रामने येणार असाल तर चर्च स्ट्रीटला उतरा, तिथून अगदी जवळ. हाय स्ट्रीटच्या मागे खालच्या अंगाला हा रस्ता आहे, अरुंद, दोन्ही बाजूंना स्टॉल आणि मध्ये माणसं. स्टीलच्या बोलमध्ये माल लावून ठेवलेला असतो, वांगी, मिरच्या, आलं, लिंबं, सीझनला आंबे, आणि भाजीवाला "पाउंड अ बोल, पाउंड अ बोल" असं ओरडत असतो, तुम्ही बोट दाखवलं की अख्खा बोल पातळ पिशवीत उलटा. हल्ली सगळंच पाउंडात मिळत नाही, पण तरी सुपरमार्केटच्या मानाने खूपच स्वस्त. कोथिंबिरीचं म्हणाल तर सुपरमार्केटवाले प्लॅस्टिकच्या पाकिटात चार काड्या घालून देतात, इथे जुडी मिळते, मुळांसकट, माती लागलेली, मंडईत मिळते तशी. कॅरिबियन लोक भरपूर असल्यामुळे कच्ची केळी, रताळी, याम नावाचे कंद, आणि त्या छोट्या भोपळी मिरचीसारख्या दिसणाऱ्या स्कॉच बॉनेट मिरच्या पण असतात. त्या मिरच्यांना साधं समजू नका, ठेच्यात एक घातली तरी घरात खोकला सुरू होतो. बोल घेताना खालचा माल नजरेखालून घाला, वरचा नेहमीच छान असतो, हे काय वेगळं सांगायला नको.

पण हा रिव्ह्यू मी भाजीसाठी लिहीत नाहीये खरं तर. आमच्या शेजारी एक आजी राहतात, १९४८ चा जन्म, अख्खं आयुष्य क्रॉयडनमध्ये गेलं. शनिवारी त्यांना मार्केटला यायला कोणीतरी सोबत लागतं म्हणून मी जाते. आणि त्यांच्याबरोबर गेलं की हे मार्केट वेगळंच दिसायला लागतं.

त्या सांगतात, त्यांच्या लहानपणी शनिवारी मार्केटला जायचं ते सकाळी नाही, संध्याकाळी. आई मुद्दाम उशिरा निघायची. कारण घरोघरी फ्रिज नव्हते, दुकानदारांकडेही आजच्यासारखी सोय नव्हती आणि रविवारी सगळं बंद, त्यामुळे उरलेला माल सोमवारपर्यंत टिकणार नाही हे सगळ्यांनाच माहीत. मग खाटीक दुकानाबाहेर उभा राहून मटणाचे मोठे तुकडे हातात धरून भाव खाली खाली आणायचा, बायका मुद्दाम गप्प उभ्या राहायच्या, आणि आजींची आई म्हणे नवऱ्याला आधीच दम देऊन ठेवायची की मी मान हलवेपर्यंत खिशात हात घालायचा नाही. हे सांगताना आजी तिथेच, स्टॉलच्या मध्ये, तशी मान हलवून दाखवतात आणि मागची माणसं खोळंबतात. (इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी उघडायला कायद्याने परवानगी मिळाली ती १९९४ ला, म्हणजे ते रविवारचं सामसूम गाव कितीतरी लोकांनी पाहिलेलं आहे.)

गोळ्या-चॉकलेटं रेशनवर होती हे मला माहीतच नव्हतं. महायुद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी फेब्रुवारी १९५३ पर्यंत गोड खाऊला कुपन लागायचं. आजी तेव्हा पाच वर्षांच्या. रेशन उठलं त्या दिवशी दुकानासमोर पोरांची ही रांग, आणि यांचा नंबर येईपर्यंत हवी ती गोळी संपली होती, त्याचा राग अजून आहे. मटणाचं रेशन तर १९५४ ला उठलं.

मार्केटचं वय विचाराल तर इथल्या बाजाराची सनद १२७६ ची आहे, कँटरबरीचा आर्चबिशप (बडा ख्रिस्ती धर्मगुरू) रॉबर्ट किलवर्डबीने दिलेली. तेव्हा क्रॉयडन आर्चबिशपच्या अखत्यारीतलं गाव होतं, त्यांचा जुना वाडा अजून जवळच आहे, २०२५ पर्यंत त्यात मुलींची शाळा भरायची. आजींना या सगळ्याचं काही पडलेलं नाही. त्यांचा इतिहास केनर्ड्सपासून सुरू होतो. केनर्ड्स म्हणजे नॉर्थ एंड या बाजाररस्त्यावरचं मोठं दुकान, त्यात मुलांना छोट्या घोड्यांवर, पोनीवर बसवून चक्कर मारायचे. दुकानात घोडे! १९७३ ला त्याचं डेबनहॅम्स (दुसऱ्या साखळीचं दुकान) झालं, आता तेही गेलं. अ‍ॅल्डर्स हे तसंच दुसरं मोठं दुकान १८६२ पासूनचं, ते २०१२ ला बंद पडलं. मार्केटमधून वर नॉर्थ एंडला आलात की व्हिटगिफ्ट सेंटर या जुन्या मॉलमध्ये बंद शटर दिसतात, नवीन मॉल येणार येणार हे मी इथे आल्यापासून ऐकतेय. त्यामुळे आजींच्या वयाची माणसं इथून चालताना जे नाही त्याबद्दलच बोलतात, आणि खरं सांगू, पहिल्या पहिल्यांदा ते ऐकून कंटाळा येतो, हळूहळू आपल्यालाच ती दुकानं दिसायला लागतात.

एक गंमत. आजींच्या लहानपणी क्रॉयडनला विमानतळ होता, १९५९ ला बंद झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनचा मुख्य विमानतळ हाच. भाऊ सायकलवर डबलसीट घेऊन विमानं बघायला न्यायचा म्हणे. मी त्यांना सांगितलं की १९२९ ला इथूनच कराचीला विमानाची टपाल सेवा सुरू झाली आणि १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला जुहूला विमान घेऊन आले ते हीच विलायतेहून आलेली टपाल घेऊन. तेव्हापासून आजी प्रत्येक भाजीवाल्याला सांगत सुटल्यात की एअर इंडिया आमच्या क्रॉयडनमुळे झाली. मी दुरुस्त करत नाही, एवढ्यावर आम्हाला एकदा मूठभर आलं जास्तीचं मिळालंय.

वजनाच्या बाबतीतही त्यांचं तंत्र वेगळं. २००० पासून सुटा माल किलोवर विकणं सक्तीचं झालंय पण आजी "अर्धा पाउंड मश्रूम" असंच (वजनाचा पाउंड, पैशाचा नाही) मागतात आणि म्हातारा स्टॉलवाला बरोबर तेवढे देतो. तरुण पोरगा असला की गोंधळतो, त्याला ना पाउंडची नोट माहीत ना पाउंडाचं वजन, असं आजींचं म्हणणं. पाउंडची नोट जाऊन नाणं आलं त्यालाही चाळीसेक वर्षं झाली, पण असू दे.

तर रेटिंग. भाजीला चार स्टार. एक कापला कारण स्टॉल पूर्वीपेक्षा कमी झालेत आणि मधल्या वारी गेलं तर अर्धा रस्ता रिकामा असतो. शनिवारीच जा. कार आणू नका, पार्किंगच्या पैशात एक आठवड्याची भाजी येते. सुटे पैसे आणि दोन जाड कापडी पिशव्या ठेवा, त्या पातळ पिशव्या ट्रामपर्यंत पण टिकत नाहीत. आणि तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं कोणी म्हातारं माणूस असेल तर विचारा येता का म्हणून, वेळ दुप्पट लागेल हे मात्र धरून चाला, आम्हाला एका रस्त्याला दोन तास लागतात आणि त्यात भाजी घ्यायला वीस मिनिटं.