पाडव्याला सुरू केलेलं ऋतूप्रमाणे वाचन: मार्गशीर्षापर्यंतचा अनुभव

मुलगी चौथीत, मुलगा मोठ्या गटात, राहायला पुण्यात, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. हे आधीच सांगतेय कारण मुलांची वयं वेगळी असतील तर यातलं काही चालेल, काही नाही चालणार. याआधी आम्ही एक पैसे भरून दर महिन्याला पुस्तकं घरी पाठवणारी योजना घेतली होती, त्यात भर पावसाळ्यात स्नोमॅनची गोष्ट यायची आणि मुलगी दोन पानं वाचून ठेवून द्यायची. मग गुढीपाडव्यापासून ठरवलं की बाहेर जे चाललंय तेच घरात वाचायचं, आणि शक्यतो फुकट किंवा ग्रंथालयातलं. आता मार्गशीर्ष चालू आहे, तर नीट लिहिण्याइतका अनुभव झालाय असं वाटतं.

आमचा संच असा: दुर्गा भागवतांचं ऋतुचक्र, बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक (वेबसाइटवर फुकट वाचता येतात), धाकट्यासाठी प्रथम बुक्सची गोष्टींची वेबसाइट स्टोरीवीव्हर, आणि झाडांच्या नोंदी ठेवायला सीझनवॉच. बाकी सगळं घरातलं सामान.

ऋतुचक्र हे मुलांचं पुस्तक नाही हे स्पष्ट सांगते. बारा मराठी महिन्यांवरचे लेख आहेत, भाषा संस्कृतप्रचुर आहे, चौथीतल्या मुलीच्या हातात दिलं तर ती घाबरेल. पण त्यातला चैत्रावरचा लेख, वसंतहृदय चैत्र, दहावीच्या मराठीच्या पुस्तकात घेतलाय, म्हणजे कधी ना कधी मुलांच्या वाट्याला येणारच आहे, मग आत्ताच ऐकू दे ना. आम्ही एका वेळी एकच परिच्छेद मोठ्याने वाचतो आणि लगेच खाली जाऊन तीच गोष्ट शोधतो. पिंपळाची नवी तांबूस पालवी आमच्या कोपऱ्यावरच होती. पण खरी मजा घाणेरीने आणली. घाणेरीचा एक गुच्छ तोडून बघा, मधली फुलं पिवळी असतात आणि कडेची गुलाबी किंवा केशरी. कडेची आधी उमललेली म्हणजे वयाने मोठी, मधली नुकती उमललेली. मुलीने उभं राहून बघितलं तर फुलपाखरं जास्त करून पिवळ्यांवरच बसत होती, कारण मध तिथे असतो. त्यानंतर ती स्वतःच विचारायला लागली की बाईंनी अजून काय काय लिहिलंय. बाई म्हणजे दुर्गाबाई 😊

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचन कमीच झालं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण दुपारी कोणी वाचत नाही, कैऱ्या खातात. पण शून्य सावलीचा दिवस मात्र चुकवू नका. पुण्यात साधारण 13-14 मेला दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या बाटलीची सावली गायब होते. कोल्हापूरला हे आठवडाभर आधी होतं, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. आम्ही गच्चीवर बाटली ठेवली, आणि नंतर नागपूरच्या मावशीला सांगून तिकडे त्यांच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बघितलं. मुलगी म्हणाली, “म्हणजे सूर्य आधी आपल्याकडे येऊन मग मावशीकडे गेला!” उत्तरायण शब्द पुस्तकात चार वेळा वाचून जे झालं नसतं ते त्या कॉलवर झालं. जुलैच्या शेवटाला पुण्यात हा दिवस परत येतो, पण तेव्हा ढग असतात, त्यामुळे मे मध्येच उरकून घ्या.

पावसाळा हा सगळ्यात भरगच्च काळ. इथे सासूबाईंनी सगळं हातात घेतलं. 7-8 जूनला मृग लागलं की त्या पंचांग काढतात आणि नक्षत्राचं वाहन बघतात, बेडूक आहे की म्हैस की हत्ती, त्यावरून पाऊस कसा पडेल ते सांगतात. मुलीने शेजारी एक सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली कापून तिचा पर्जन्यमापक केला, आतून पट्टी लावली, आणि रोज सकाळी मिलिमीटर वहीत लिहायचे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, त्यामुळे वहीची पानं पण नक्षत्राप्रमाणेच पाडली. वाहन आणि आकडा जुळतो का ते दोघी मिळून बघायच्या, कधी जुळायचं, कधी अजिबात नाही, आणि आजी नातीला “लिही, जे आहे ते लिही” असंच सांगायच्या, हे मला फार आवडलं. त्यातून गणित पण आलं, 1 मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. मग 30 मिमी पडला त्या दिवशी शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 3000 लिटर पडलं, आणि ते सगळं गटारात गेलं म्हणून ती सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना विचारायला गेली!

मृगाचा किडा मात्र गावी गेलो तेव्हाच दिसला. लाल मखमली. पाय मोजायला सांगा, आठ निघतात, म्हणजे किडा म्हणतात तरी तो कोळ्याच्या कुळातला. धाकट्याला एवढं एकच वाक्य पाठ आहे आणि तो ते येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांना सांगतो.

ऑगस्टच्या मध्यावर मघा लागलं तेव्हा सासूबाईंनी “न पडतील मघा तर ढगाकडे बघा” ही म्हण सांगितली, पुढे ऑक्टोबरात “पडतील स्वाती तर पिकतील मोती”. अशा म्हणींचं आता वेगळं पान झालंय. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो, त्याच्यावरून भोंडल्यात मधे हत्ती का काढतात हे मुलीला कळलं आणि यंदाचा हत्ती तिने वहीतल्या पावसाच्या आकड्यांसकट काढला.

किशोरबद्दल. हे मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघतंय, त्यामुळे जुना साठा प्रचंड आहे आणि नुसतं उघडून बसलं तर काय वाचावं कळत नाही. आमची युक्ती एकच, चालू महिना घ्यायचा आणि कुठल्याही जुन्या वर्षाचा त्याच महिन्याचा अंक काढायचा. महिना तोच असला की जुना अंक परका वाटत नाही. आईबाबांच्या जन्मसालचा, आजीच्या लग्नानंतरचा, असं मुलं स्वतः निवडतात. मोबाईलवर नको, टॅब किंवा लॅपटॉप घ्या, आणि कोडी तेवढी प्रिंट करा. विज्ञानाच्या जुन्या लेखांच्या वेळी शेजारी बसा, 2006 च्या आधीचा अंक असेल तर प्लूटो ग्रहच असणार, पण त्यावर छान गप्पा होतात.

स्टोरीवीव्हरवर मराठी निवडून नुसतं पाऊस, आंबा, पक्षी असं शोधायचं. वाचनाच्या पायऱ्या 1 ते 4 आहेत, मोठ्या गटाला पहिली पुरते. तिथे कोणीही अनुवाद करू शकतं म्हणून मुलांसमोर वाचायच्या आधी आपण एकदा नजर टाकावी.

सीझनवॉचमध्ये आपलं एक झाड नोंदवायचं आणि दर आठवड्याला कोवळी पानं, जुनी पानं, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं किती आहेत ते भरायचं. आम्ही सोसायटीतला बहावा आणि आंबा घेतला. सुरुवातीला मुलांना यात काही दिसत नाही, कारण तेच ते भरतोय असं वाटतं, दोनतीन महिने धीर धरावा लागतो. सुट्टीत गावी गेलं की खंड पडतो, तेव्हा शेजारच्या ताईला सांगून ठेवायचं. पण बहाव्याची पानं झडली, फुलांचे घोस आले, मग लांब शेंगा लोंबायला लागल्या हे सगळं स्वतःच्या नोंदीत बघितल्यावर मुलीला ते झाड स्वतःचं वाटायला लागलं.

दिवाळीत दिवाळी अंक, ते वेगळं सांगायला नको, 1909 पासून चालत आलेली आपली पद्धत आहे. मुलांना त्यांच्या नावाचा एक वेगळा अंक द्या, वाटून नको. त्याच सुमाराला 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, 5 ला निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 ला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. त्या आठवड्यात फक्त पक्ष्यांचं वाचायचं आणि सकाळी खिडकीत पंधरा मिनिटं बसायचं एवढंच केलं.

नणंद न्यू जर्सीला आहे, तिने पण करून बघितलं. तिकडे चैत्रात थंडी आणि सीझनवॉच भारतातल्या झाडांसाठी, त्यामुळे तिला फक्त किशोर आणि स्टोरीवीव्हर उपयोगी पडलं, पर्जन्यमापक मात्र तिथेही झकास चालला.

कोणाला जमेल? घरात रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचणारं एक माणूस असेल तर जमेल. नुसती यादी फ्रीजवर चिकटवून नाही होत. आमच्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कमी कारण सातवी-आठवीच्या मुलांना यातलं किती पुरेल याची मला शंका आहे, पुतण्या सहावीत आहे आणि त्याला पावसाच्या आकड्यांपलीकडे काही नको होतं. सुरू करायला पाडव्याची वाट बघू नका, पौषात करा, आंब्याला मोहोर यायला लागेल, सीझनवॉचवर पहिली नोंद कळ्यांचीच होईल. ऋतुचक्र विकत घ्यायच्या आधी जवळच्या ग्रंथालयात विचारा, बहुतेक ठिकाणी मिळतं.