स्कॅन केलेला चेहरा की हाताने घडवलेला?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या आजोबांचा सुरकुतलेला चेहरा विकाऊ 3D मॉडेलसाठी हवा असेल, तर फोटोंवरून केलेल्या स्कॅनला तोड नाही. एका कॅमेऱ्याने 80-100 फोटो, प्रत्येक आधीच्याशी निदान 60 टक्के जुळणारा. तेवढ्यात आजोबा जरा हलले, की डोळ्यांभोवतीची जाळी, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग, वितळल्यासारखी होते. फ्लॅशवर आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारे फिल्टर) एकमेकांना काटकोनात लावा. नाहीतर कपाळावरची चकाकी रंगाच्या टेक्श्चरमध्येच (मॉडेलवर चढवलेल्या चित्रात) बसते आणि प्रकाश फिरवला तरी हलत नाही. विकायचं तर आजोबांची लेखी परवानगीही हवीच.

झेडब्रश या डिजिटल शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहरा हाताने घडवायला वेळ जास्त लागतो. इथे बिघडतं ते वेगळ्या कारणाने: सममिती (एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारी सोय) शेवटपर्यंत चालू राहते, रोमछिद्रांचा एकच ब्रश सगळीकडे फिरतो. नाकावरची छिद्रं गोलसर, गालावरची लांबट-तिरकी असतात. तेवढा फरक केला तरी त्वचेत जीव येतो.

डोळे दोन्ही पद्धतींत हातानेच करायचे, कारण ओलसर, पारदर्शक भाग स्कॅनमध्ये नीट येत नाही. कॉर्निया (डोळ्याचा पारदर्शक पडदा) किंचित फुगवा, त्याचा आयओआर (प्रकाश किती वळतो तो अपवर्तनांक) 1.376 ठेवा, खालच्या पापणीच्या कडेला पाण्याची बारीक पट्टी वेगळ्या जाळीने बसवा. ती नसेल तर नजर कोरडी, निर्जीव वाटते.

विक्रीसाठी आमचा कौल हाताने घडवलेल्याला. चौकोनी, स्वच्छ जाळी एकदा जमली, की त्याच जाळीवर चणिया-चोळीतली गरबा खेळणारी मुलगीही उभी राहते आणि नऊवारीतली आजीही. जाणकार गिऱ्हाईक वायरफ्रेम (जाळीच्या नुसत्या रेषा) बघितल्याशिवाय पैसे देत नाही. स्कॅन विकायचाच, तर आधी रिटोपॉलॉजी करा, म्हणजे त्यावर स्वच्छ जाळी नव्याने बांधा.