एमएम ५४०, चौदा महिन्यांनंतर

१९९२ची महिंद्रा एमएम ५४० जीप, एमएच-११ म्हणजे साताऱ्याचं पासिंग, दोन लाख साठ हजारांना घेतली. चौदा महिन्यांत साडेसहा हजार किलोमीटर फिरलो. पंपावर डिझेल भरताना हमखास कुणीतरी येऊन विचारतं, "कितीला घेतली? अजून मिळतात का?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ही घेण्याआधी अकरा जीप बघितल्या. त्यातल्या निम्म्याअधिक 'विंटेज' होत्या, म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडी. २०२१च्या नियमाप्रमाणे गाडीला ५० वर्षं झाल्याशिवाय ती विंटेज होत नाही, आणि तशी नोंद केलीच तर रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. तेव्हा त्या एका शब्दासाठी पन्नास हजार जास्त मागणाऱ्याकडे चहा प्यायचा आणि निघायचं.

कराडजवळ एक फारच देखणी होती. रुंद टायर, नवा रंग, पुढे विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढायचा दोर-चरखा. नंबर ठोकलेला असतो तिथे चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रॉकेलचा बोळा फिरवला, तर आकड्यांच्या जागी ग्राइंडरचे ओरखडे निघाले. "गंजलंय ते दादा," मालक म्हणाला. गंज काय फूटपट्टी घेऊन रेघा मारतो? इंजिन परत बांधता येतं, पत्रा नवा मारता येतो. चासी नंबर आणि आरसी बुक जुळत नसेल तर ती जीप फुकटसुद्धा महाग. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. डोअर काढलेल्या, लांबी-रुंदी बदललेल्या गाड्या घेणाऱ्यांनी ते डोक्यात ठेवावं.

माझी मेढ्याकडच्या एका शेतकरी काकांची. पहिल्यांदा गेलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलेली. म्हटलं, काका, उद्या सकाळी सातला येतो, सेल्फ मी मारणार, थंड इंजिनावर. दुसऱ्या दिवशी थंड डिझेल इंजिन चालू व्हायला लागणारे हीटर प्लग तापू दिले आणि दुसऱ्या सेल्फला उचलली. पांढरा धूर आला, पण गरम झाल्यावर गेला. निळा धूर राहिला असता, म्हणजे इंजिन ऑइल जळत असतं, तर विषय तिथेच संपला असता. आत प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. आवाज पाणी उपसायच्या इंजिनासारखा, पण जुन्या मिस्त्रींना ते तोंडपाठ असतं.

मग फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, टाकून पुढचं एक चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. ते अडायला हवं होतं. भवऱ्यासारखं फिरलं. वाकून बघितलं तर पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा शाफ्टच नाही! काकांनी शांतपणे गोठ्याकडे बोट दाखवलं. डिझेल वाचतं म्हणून कधीकाळी काढलेला शाफ्ट खुंटीसारखा आडवा बसवला होता आणि त्याला म्हशीची दावी अडकवलेली. पंधरा हजार तिथेच कमी झाले. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलून शाफ्ट बसवला, आता ठणठणीत चालतो. फक्त फोर बाय फोर डांबरीवर टाकू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, वळणावर सगळा ताण गिअरवर येतो.

खरा त्रास कागदांनी दिला. आरसीवर १९९२च्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण ती पतसंस्था दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. त्या बँकेत जुनं रजिस्टर शोधून बोजा उतरवायच्या फॉर्म ३५वर सही-शिक्का मिळायला पाच महिने गेले. टोकन देण्याआधी आरसीवर बोजा आहे का बघा, आणि तो उतरवायचं काम विकणाऱ्याच्याच गळ्यात ठेवा. मी घाईत ते माझ्या गळ्यात घेतलं.

विकतानाही शहाणपण लागतं. माझी आधीची जीप मी मालकी बदलायच्या कोऱ्या फॉर्म २९-३०वर सह्या करून दिली होती. घेणाऱ्याने नावावर केलीच नाही आणि वर्षभर चलनं माझ्या मोबाइलवर येत राहिली. आता नाव बदलल्याशिवाय चावी सोडणार नाही.

चालवायला कशी? साठच्या पुढे स्टेअरिंग आपल्या मनाने विचार करायला लागतं. ॲव्हरेज अकरा. पावसात हूड, म्हणजे कापडी छप्पर, गळतो, तोही नेमका ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर. ओढ्यातून निघालं की ब्रेकचे ड्रम ओले होतात. दोन-तीनदा ब्रेक दाबून सुकवल्याशिवाय पुढच्या वळणाला हात घालायचा नाही. कुंभार्ली घाटात एकदा डिझेलच्या पाइपला चीर गेली, लाइनमध्ये हवा धरली. दहाचा पाना आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी एवढ्यावर चिपळूण गाठलं. पण लावणीच्या दिवसांत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चिखलात रुतला असताना भाताची रोपं घेऊन ही त्याच वाटेने लो गिअरमध्ये चालत चालत गेली. त्या दिवसापासून घरात खर्चाचा विषय निघालेला नाही.

हिशोब: ब्रेक, रेडिएटर, पाटे, ऑइल सील, टायर मिळून एक लाख दहा हजार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, पुढचं २०२७ला. एप्रिल २०२२ला त्याची फी ६०० वरून ५,००० झाली होती, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० झाली, पर्यावरण कर वेगळा. त्याआधी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बदलायचाय. सध्या तिथे पोत्यावर प्लायवूड टाकलंय, आणि भोकातून रस्ता दिसतो.