जुनी हार्ड डिस्क दुकानात ठेवून आले, ती अजून मिळाली नाही

मी अंबाजोगाईला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. मुलगी नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर असते, त्यामुळे महिन्यातून दोनतीनदा लातूरची एसटी धरावीच लागते. गेल्या मे महिन्याच्या शेवटी जाताना घरातला जुना लॅपटॉप पिशवीत घातला. २०१५ साली घेतलेला, आय५ पाचव्या पिढीचा. चालू व्हायला सातआठ मिनिटं लागायची आणि हात ठेवला की चटका बसायचा. पोरीला रेकॉर्ड केलेले लेक्चर बघण्यापुरता तो चालावा, एवढंच मला हवं होतं.

लातुरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही. दुकानदार बोलायला गोड होता. "ताई, काही टेन्शन घेऊ नका, मशीन चांगलं आहे. हार्ड डिस्क गेलीय आणि रॅम चारच जीबी आहे. एसएसडी टाकू, रॅम आठ करू, पळतंय बघा." ५१२ जीबीच्या एसएसडीचे, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचे ३४०० रुपये, रॅमचे, म्हणजे काम करतानाच्या मेमरीचे १९०० आणि सर्व्हिसिंग, विंडोज मिळून १५००. एकूण ६८००. दुसऱ्या दिवशी फोन आला की मदरबोर्डवर शॉर्ट सापडलाय, आयसी, म्हणजे त्यावरची चिप बदलावी लागेल, आणखी १२०० होतील. मशीन उघडून पडलेलं, मी साठ किलोमीटरवर. हो म्हणाले.

घ्यायला गेले तेव्हा लॅपटॉप खरंच अर्ध्या मिनिटात चालू झाला. त्यानं स्क्रीनवर ८ जीबी दाखवलं. मी खूश. पाच हजार फोनवरून दिले, तीन हजार रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर पडतोय ताई, कशाला उगं?" मी एका कागदावर आकडे लिहून घेतले आणि निघाले. जुनी हार्ड डिस्क मागायचं माझ्या लक्षातच आलं नाही. तुमचा सगळा डेटा नवीन डिस्कवर घेतलाय, असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

राखी पौर्णिमेला भाऊ पुण्याहून आला. तोवर लॅपटॉप मधेच अडकायला लागला होता, तापणं तर थांबलंच नव्हतं. भावानं मागचं झाकण उघडलं आणि रॅमची एक पट्टी काढून माझ्यासमोर धरली. त्या पट्टीवर विक्रेत्याचं वॉरंटीचं बारकं पांढरं स्टिकर होतं, पेननं लिहिलेलं: ११/१८. ही पट्टी २०१८ च्या दिवाळीनंतर भावानं स्वतः बसवली होती. कंपनीची मूळ चार आणि त्यानं घातलेली चार, म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये साडेसहा वर्षं ८ जीबीच रॅम होती. माझ्याच वस्तूचे मी १९०० रुपये मोजले होते.

फॅनच्या तोंडाशी धुळीचा नमदा बसला होता, बोटाएवढा जाड. अडीच महिन्यांत एवढी धूळ बसत नाही. सर्व्हिसिंग केलीच नव्हती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात असा फॅन कोंडला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. माझं मशीन अडकत होतं ते यामुळेही. भावानं फॅन साफ करून प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी नवी थर्मल पेस्ट लावली, दीड तासात काम झालं.

मग त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून एसएसडी तपासली. डिस्क आजवर किती तास चालू राहिली याची नोंद डिस्कमध्येच असते, ती हे सॉफ्टवेअर दाखवतं. माझ्या 'नव्या' डिस्कवर आकडा होता २१,६४०. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे ही डिस्क रात्रंदिवस चालली असं धरलं तरी जवळपास अडीच वर्षं कुठंतरी झिजून आली होती. आम्ही अडीच महिने रोज चार तास वापरला, त्याचे तीनशे तासच होतात. विंडोज ११ टाकून दिलं होतं, तेही आडमार्गानं. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, पाचवी पिढी त्यात बसत नाही. मदरबोर्डच्या १२०० रुपयांचं काय झालं ते विचारायची सोयच नाही. बदललेली आयसी दुकानदारानं दाखवली नव्हती आणि मी मागितली नव्हती.

हे सगळे पैसे. ते जातात आणि कमावता येतात. माझा जीव अडकलाय तो जुन्या डिस्कमध्ये.

दुकानदारानं डेटा घेतला होता तो फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा. डी ड्राइव्ह, म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा, घेतलाच नाही. त्यात आईच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं, २०१६ साली मी स्वतः केलेलं. आई आता नाही. आणि त्याच ड्राइव्हमध्ये माझ्या शाळेतल्या मुलांच्या याद्या होत्या, शिष्यवृत्तीच्या कामासाठी गोळा केलेल्या, आधार क्रमांक आणि बँक खात्यांसकट. ती माहिती मी घरच्या लॅपटॉपवर ठेवायलाच नको होती, ही माझी चूक आहे आणि मी ती मान्य करते. मुख्याध्यापकांना सांगितलं, पालकांना बोलावून सांगितलं की कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका.

भाऊ आणि मी दुकानात गेलो. स्टिकर दाखवल्यावर दुकानदारानं १९०० रुपये काढून दिले, पोरानं चुकून केलं असेल म्हणाला. एसएसडीचं विचारलं तर, "ताई, तुम्ही तेव्हाच बघून घ्यायचं होतं." आणि जुनी डिस्क? "ती खराब होती, भंगारात गेली." भावानं विचारलं, खराब होती तर तिच्यातून डेटा कसा निघाला? यावर तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. तिथून जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता कळला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे मला लातूरला खेटे घालायची गरज नाही, बीडला चालतं. दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझ्याकडं बिल नाही. पाच हजारांची फोनवरची नोंद, दुकानदाराचे मेसेज आणि डिस्कचे तास दाखवणाऱ्या स्क्रीनचे फोटो, एवढ्यावर अर्ज तयार केलाय. पक्कं बिल घेतलं असतं तर जीएसटीचे बाराचौदाशे रुपये गेले असते, पण आज हातात पुरावा असता.

तुम्ही मशीन देणार असाल तर देण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातल्या परफॉर्मन्समध्ये मेमरी आणि डिस्क उघडा आणि दोन्ही पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढा. मला हे दोन मिनिटांचं काम माहीत असतं तर रॅमची बतावणी तिथंच उघडी पडली असती. भाग आपल्या डोळ्यांसमोर बदलून घ्या, एसएसडी बसवायला अर्धा तासही लागत नाही. नव्या डिस्कचे तास दुकानातच बघा. आणि निघालेली जुनी डिस्क, ती मेलेली का असेना, पिशवीत घालून घरी आणा. डिलीट केलेल्या फाइलीही डिस्कमधून बऱ्याचदा परत काढता येतात, म्हणून ती भंगारातही देऊ नका.

लातूर किंवा आसपास कुणी मे महिन्यानंतर जुनी १ टीबीची लॅपटॉप हार्ड डिस्क घेतली असेल तर कृपा करून एकदा बघा. डी ड्राइव्हमध्ये 'आई ओव्या' नावाचं फोल्डर आहे, त्यात अकरा फाइली आहेत. सापडलं तर मला इथंच कळवा. डिस्कची तुम्ही दिली असेल ती किंमत मी देईन. शाळेच्या याद्या तेवढ्या न उघडता ठेवा.