कोअगुचेक एक्सएस: घरच्या घरी आयएनआर, पण कुणाच्या घरी?

हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन कोल्हापुरात होतं, पण पेशंट राहतो चंदगडला, गगनबावड्याला नाहीतर राधानगरीच्या वरच्या अंगाला. धातूची झडप बसली की ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि गोळी आहे तोवर पीटी-आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणीही आहेच. एका आकड्यासाठी अख्खा दिवस मोडतो, म्हणून लोक तपासणी पुढं ढकलतात, आणि झडपेवर गुठळी धरते ती बहुतेक अशाच काळात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. शिरोळ-करवीरच्या पेशंटला तेव्हा लॅब गाठणंच अशक्य होतं. रोश कंपनीचं कोअगुचेक एक्सएस हे हातात मावणारं यंत्र अशा लोकांच्या कामाचं आहे का, हे इथं तपासलं आहे.

‘नवीन गोळ्या आल्यात, त्यांना तपासणी लागत नाही, मग हे यंत्र कशाला?’ असं बरेच जण विचारतात. धातूच्या झडपेला त्या गोळ्या चालत नाहीत. त्यातली डॅबिगॅट्रान अशा पेशंटमध्ये वापरून पाहिली, तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापानं झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्यांमध्ये रिव्हारोक्साबान या दुसऱ्या नव्या गोळीची तुलना जुन्या गोळ्यांशी झाली. २०२२ च्या त्या निकालात जुन्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी दिसले. आपल्याकडं झडपेचे पेशंट बहुतांशी याच आजारातले, तेव्हा आयएनआरपासून इतक्यात सुटका नाही.

यंत्र चालतं कसं? यंत्रात घालायच्या पट्टीवर, म्हणजे स्ट्रिपवर, थ्रोम्बोप्लास्टिन हे रक्त गोठवणारं द्रव्य वाळवून बसवलेलं असतं. बोटाचं रक्त पडलं की गोठण्याची साखळी सुरू होते, थ्रोम्बिन हे विकर तयार होतं आणि त्यातून उठणारा विजेचा संकेत यंत्र पकडतं. साधारण मिनिटभरात आकडा येतो. ०.८ ते ८.० इतकी त्याची मोजण्याची कक्षा. रक्त ८ मायक्रोलिटर पुरतं. स्ट्रिप खराब झाली आहे का, हे यंत्र प्रत्येक वेळी स्वतः तपासतं, आणि ही त्याची सगळ्यात चांगली बाजू.

आता वापर, कारण गडबड इथंच होते. स्ट्रिपच्या प्रत्येक खोक्यात कोड चिप येते. खोकं बदललं की चिपही बदलायची आणि डबीवरचा नंबर पडद्यावरच्या नंबराशी जुळवून बघायचा. हात कोमट पाण्यानं धुवा आणि पूर्ण कोरडे करा. बोट ओलं राहिलं तर रक्तात पाणी मिसळतं आणि निकालाशेजारी ‘सी’ अक्षर येऊ शकतं. तसं आलं की हात पुसून नव्या स्ट्रिपवर परत तपासणी. हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवा, स्ट्रिप यंत्रात घाला, ती गरम झाली की १८० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. टोचायचं त्यानंतर, बोटाच्या टोकाला बाजूनं.

घरात शुगरचं मशिन असलेले लोक इथं हमखास चुकतात. तिथं पहिला थेंब पुसायची सवय असते, इथं पहिलाच थेंब लागतो आणि तोही टोचल्यापासून १५ सेकंदांच्या आत. उशीर झाला तर रक्त बोटावरच गोठायला लागतं. थेंब लहान आला म्हणून बोट पिळायचं नाही, कारण पेशीजालातला द्रव रक्तात उतरतो आणि त्यातला टिश्यू फॅक्टर हा घटक गोठण्याची क्रिया आधीच चालू करतो. थेंब पुरला नाही तर वरून दुसरा टाकू नका. ती स्ट्रिप गेली समजा आणि दुसऱ्या बोटाला टोचा.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. स्ट्रिप २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात आणि यंत्र ३२ अंशांपर्यंतच चालतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात दुपारी हे जमत नाही, म्हणून डबी फ्रिजमध्ये, आणि तपासणी सकाळी. डबी फ्रिजमधून काढली की थोडा वेळ बाहेर ठेवून मगच झाकण उघडा, नाहीतर आत दमट हवा धरते. पावसाळ्यात, विशेषतः गगनबावड्याकडं, झाकण लगेच लावा. बाहेर काढलेली स्ट्रिप १० मिनिटांत वापरली पाहिजे.

आकडा किती विश्वासाचा? अशा यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात २.० ते ४.५ या टप्प्यात लॅबच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला आहे. म्हणजे लॅबमध्ये ३.० असेल तर इथं ३.४ दिसलं म्हणून गोळी बदलायची नसते. सुरुवातीला एकदा एकाच दिवशी लॅबमध्ये आणि यंत्रावर, दोन्हीकडं तपासून फरक लिहून ठेवा आणि पुढंही अधूनमधून तसं करा. ४.५ च्या वर आकडा आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री केल्याशिवाय राहू नका. याला कारण आहे: २०१८ मध्ये कंपनीला काही बॅचच्या स्ट्रिप परत घ्याव्या लागल्या होत्या, कारण ४.५ च्या वरचे आकडे त्या प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत होत्या.

लॅबचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, त्याला रक्ताचं प्रमाण नऊला एक लागतं. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटा वाढतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून नमुना कोल्हापुरात येतो, तो बर्फात ठेवायचा नसतो. थंडीत फॅक्टर सात हा रक्त गोठवणारा घटक आपोआप चेतवला जातो. नमुना साध्या तापमानात २४ तासांच्या आत लावला पाहिजे. रिपोर्टवर आयएसआय (लॅबनं वापरलेलं थ्रोम्बोप्लास्टिन किती संवेदनशील आहे, तो आकडा) छापलेला आहे का बघा, नसेल तर विचारा. आणि महिन्यागणिक लॅब बदलू नका.

घरी तपासल्यानं खरंच फायदा होतो का? २०१२ मध्ये ११ चाचण्यांतल्या ६४१७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. स्वतः तपासणी करणाऱ्यांत गुठळ्यांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आले. मोठ्या रक्तस्रावात मात्र ठळक फरक नव्हता. फायदा जास्त दिसला तो ५५ च्या आतल्यांत आणि धातूची झडप असलेल्यांत. उलट, अमेरिकेत २९२२ जणांवरच्या २०१० च्या अभ्यासात दर आठवड्याला घरी आणि दर महिन्याला चांगल्या क्लिनिकमध्ये, यांत पक्षाघात, रक्तस्राव, मृत्यू यांबाबत फरक पडला नाही. आमच्या मते दोन्हींचा अर्थ एकच निघतो: जवळ नीट चालणारी सोय असेल तर यंत्रानं फारसं बदलत नाही, ती नसेल तर बरंच बदलतं. कोल्हापुरात राजारामपुरीत राहून वेळच्या वेळी लॅबला जाणाऱ्यानं यंत्रावर पैसे घालू नयेत. चंदगडच्या चाळिशीतल्या झडपवाल्यानं घालावेत.

काही जणांनी तर हे यंत्र घेऊच नये. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीराच्याच प्रतिपिंडांमुळं रक्तात गुठळ्या होण्याचा आजार) असेल तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, २५ ते ५५ टक्के या मर्यादेबाहेर असेल तर निकालावर भरवसा नाही. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेल्या बाईला आधी ॲनिमियाचे उपचार हवेत. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान यांच्या देखरेखीला हे यंत्र निरुपयोगी. हिमोफिलियाच्या घरातही घेऊ नका: त्यात फॅक्टर आठ किंवा नऊ कमी असतो, पीटीच्या तपासणीत ते येतच नाहीत आणि आकडा अगदी नॉर्मल दिसतो.

आकडा बघून स्वतःच गोळी कमी-जास्त करणं हा धोका यंत्राबरोबर घरात येतो. मायट्रल झडपेला साधारण २.५ ते ३.५, एओर्टिकला २ ते ३ हवा. तुमची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि आकडा बाहेर गेला की फोन करा. फॅक्टर दोन ओसरायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळं आज बदललेल्या डोसचा खरा परिणाम उद्याच्या आकड्यात शोधू नका. मेथी, चाकवत, शेपू सोडायची गरज नाही, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा. जुलाबावर मेट्रोनिडाझोल सुरू झालं तर तीन-चार दिवसांत तपासा, आयएनआर झपाट्यानं चढतो. डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळीचं वेगळं आहे: आकडा जागच्या जागी राहिला तरी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ते यंत्राला कळणार नाही, काळी शौच झाली तर सरळ दवाखाना गाठा.

घेण्याआधी स्ट्रिपची चौकशी करा. यंत्र एकदाच घ्यायचं, खर्च स्ट्रिपचा कायमचा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती मिळेल असं धरून चालू नका. आधी ऑर्डर द्या, एक्स्पायरी बघा, आणि पावसाळ्यापूर्वी दोन महिन्यांचा साठा घरात ठेवा. गावातल्या डॉक्टरांना सगळ्या पेशंटसाठी एकच यंत्र घ्यायचं असेल तर हे मॉडेल नको, दवाखान्यांसाठीची वेगळी मॉडेल्स याच मालिकेत आहेत. टोचायची सुई प्रत्येकाची स्वतंत्र, एकदाच वापरायची.