नाक घडवायचं कुठे: घरी, मुलुंडला की कनौजला?

सुगंधकार व्हायचं म्हणजे जन्मतःच तिखट नाक हवं, हा समज आधी बाजूला ठेवा. बहुतेकांचं नाक कामापुरतं चांगलंच असतं. कमी पडते ती वासांची स्मरणशक्ती. म्हणून पर्याय तोलताना मी एकच बघतो: तुमचं चुकलं तर तिथे ते सांगणारं कुणी आहे का?

घरी ते कुणी नसतं. बाकी घरचा अभ्यास स्वस्त आणि खरोखर उपयोगी. लवंग, वाळा, जिरॅनियम, पचौली यांची तेलं घ्या. जोडीला सुट्टे सुगंधी रेणू: लिनालूल, हेडिओन, गॅलॅक्सोलाइड आणि गुलाबासारख्या वासाचं फिनाइल इथाइल अल्कोहोल. सगळं साधारण १० टक्क्यांपर्यंत पातळ करून कागदी पट्टीवर घ्यायचं, नाव झाकायचं, जे जाणवेल ते लिहायचं आणि मगच नाव बघायचं. तीच पट्टी तासाने आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगायची. लिंबू लवकर उडून जातं, पचौली मात्र हटत नाही. क्रमासाठी फ्रान्सचे सुगंधकार ज्याँ कार्ल यांची पद्धत उत्तम: आधी एकमेकांपासून दूरचे वास, ते पक्के झाले की जवळजवळचे.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कस्तुरीसारख्या वासाच्या ठरावीक द्रव्यांचा वास काहींना येतच नाही. घरी एकटे असाल तर बाटलीच कमअस्सल निघाली असं वाटेल. वर्गात शेजारच्याला वास येतो, तेव्हा कळतं की उणीव बाटलीत नाही.

त्यासाठी मुंबईकरांना मुलुंडचं वझे महाविद्यालय जवळचं. १९२२ पासून सुगंधाच्या धंद्यात असलेल्या केळकर कुटुंबाशी जोडलेल्या ट्रस्टचं हे महाविद्यालय. तिथला पदव्युत्तर डिप्लोमा 'परफ्युमरी आणि कॉस्मेटिक्स मॅनेजमेंट'चा आहे, म्हणजे सौंदर्यप्रसाधनं आणि व्यवस्थापनही शिकावं लागणार. नुसतं हुंगायला जाणारा कंटाळेल. नोकरी हवी असलेल्याला हेच पथ्यावर पडेल.

उत्तर प्रदेशातल्या कनौजचा मामला निराळा. तिथे १९९१ साली उभं राहिलेलं सरकारी एफएफडीसी (फ्रेग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर) छोटे अभ्यासक्रम चालवतं, आणि गावात देग (उकळायचं भांडं) आणि भपका (वाफ गोळा करायचं भांडं) वापरून अत्तर काढायच्या भट्ट्या आहेत. तांब्याच्या देगमधली वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरते. भाजलेल्या मातीपासून पहिल्या पावसाच्या वासाचं अत्तरही याच रीतीने काढतात. (हल्ली चंदन महाग, म्हणून स्वस्त तेलांवरही काम उरकतात. विकत घेताना विचाराच.) नैसर्गिक माल ओळखायला याहून चांगली जागा आपल्याकडे मला माहीत नाही. पण साबण-शाम्पूच्या कंपनीत काम करायचं असेल तर रोजचा संबंध कृत्रिम रेणूंशी येतो, आणि ते भट्टीवर शिकता येत नाही.

फ्रान्सचं थोडक्यात सांगतो. व्हर्सायची इसिप्का ही सुगंधशाळा १९७० पासून आहे, जिवोदाँ या सुगंध बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची शाळा आहे. दर्जा वादातीत, पण जागा मोजक्या. खिसा आणि चिकाटी दोन्ही असतील तरच त्या वाटेला जा.

माझा कौल: आधी काही महिने घरी. तेवढ्यात कंटाळलात तर फी वाचली. टिकलात आणि विज्ञानाची पदवी असेल तर मुलुंड. अत्तराचा स्वतःचा व्यवसाय डोक्यात असेल तर कनौज. प्रवेश घेण्याआधी मात्र दोन प्रश्न विचारा: वर्गाबाहेरच्या वेळात द्रव्यांच्या बाटल्या विद्यार्थ्याला उघडू देतात का, आणि नाव झाकून ओळखायची परीक्षा किती वेळा होते?